मणका ‘बसवून’ अंगदुखी जाते का? : वाचकांचे प्रश्न

कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने झटका देऊन मणके ‘बसवणारे’. त्यांच्या उपचारांविषयी आलेल्या पत्रांत फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे सगळं अंग महिनोन्‌महिने दुखणाऱ्या आजाराच्या, रुग्णांची पत्रं बरीच होती. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत, पत्रंही थोडी आखडती केली आहेत.

प्रश्न : वय ४३. तीन वर्षं सगळं अंग ठणकतं, रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असतं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जिया सांगितला, प्रीगॅबॅलिन चालू आहे. भाऊ मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, एकदा मणके बसवून घे, गोळ्या सुटतील. खरंच सुटतील का? (सांगली)

उत्तर : नाही. तुमचे मणके सरकलेले नाहीत, त्यामुळे बसवण्यासारखं तिथे काही नाही.

ठेचा खाऊन तोंड पोळलं असेल तर कोमट चहाही चटका देतो. चहा तेवढाच असतो, जीभ हुळहुळी झालेली असते. फायब्रोमायल्जियात अशी हुळहुळी अवस्था मज्जारज्जू आणि मेंदूत येते. स्नायूंतून, सांध्यांतून, कातडीतून येणारे साधे दाबाचे, ताणाचे निरोप तिथे वेदना म्हणून वाचले जातात. ब्लाउजची शिवण टोचते, ब्लडप्रेशरचा पट्टा फुगला की डोळ्यांत पाणी येतं, ते यामुळेच. हाडांत, डिस्कमध्ये किंवा स्नायूंत सूज नसते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात. दुखणं मात्र शंभर टक्के खरं असतं.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट या गावी डी. डी. पामर यांनी केली. मणका जरासा हलला तरी मज्जातंतूंचा प्रवाह अडतो आणि त्यातून रोग होतात, अशी त्यांची मांडणी होती. आजचे बरेच कायरोप्रॅक्टर ती शब्दशः मानत नाहीत, पण व्हिडिओंची भाषा अजून तीच आहे. आणि तो ‘कट्ट’ आवाज? सांध्याच्या पृष्ठभागांमध्ये थोडा द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. २०१५ मध्ये कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोटं मोडून हे चित्रात पकडलं. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. आवाज आला म्हणून हाड जागेवर गेलं असं होत नाही, आणि नाही आला म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही.

संधिवातावर काम करणाऱ्या ‘युलार’ या युरोपीय संघटनेच्या २०१७ च्या शिफारशींत फायब्रोमायल्जियासाठी ठामपणे ‘करा’ असं एकाच गोष्टीबद्दल म्हटलं आहे : व्यायाम. कायरोप्रॅक्टिकबद्दल त्याच शिफारशी ठामपणे ‘करू नका’ म्हणतात, आणि कारण सुरक्षिततेचं देतात. अनुकूल अभ्यास नाहीतच असं नाही, पण ते लहान आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्त्रियांना दाबबिंदूंवरचा दाब आणि मणक्यांचे झटके असे ३० वेळा उपचार दिले गेले. नऊ जणींना चांगला आराम पडला. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. त्यातली एक गोष्ट व्यवहारात उपयोगी आहे : १५ वेळा उपचार होऊनही ज्यांचं दुखणं ३५ टक्क्यांनीसुद्धा उतरलं नव्हतं, त्यांना पुढच्या १५ वेळांनीही समाधानकारक फरक पडला नाही.

मग हातांनी केलेल्या उपचाराला जागाच नाही का? थोडी आहे. फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाचीही इतर कोणाहीसारखी, या आजाराशी संबंध नसताना, कंबर धरू शकते, खांदा आखडू शकतो. अशा एका ठिकाणची ताठरता हळुवार हातांनी सैल झाली तर चालणं सोपं होतं, आणि चालणं हाच खरा उपचार आहे. एवढ्या मर्यादित अपेक्षेने जायचं असेल तर पुढची उत्तरं वाचून जा. गोळ्या मात्र कायरोप्रॅक्टरच्या सांगण्यावरून थांबवू नका. प्रीगॅबॅलिन किंवा ड्युलॉक्सेटिन एकदम बंद केलं तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, ड्युलॉक्सेटिनच्या बाबतीत अंगातून वीज गेल्यासारखे झटके, असं होऊ शकतं. लोक त्याला ‘आजार उलटला’ समजतात.

प्रश्न : दादरला कायरोप्रॅक्टरकडे गेले. त्या संध्याकाळी इतकं हलकं वाटलं की घरी येऊन कपाटं आवरली. पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवेना. फोन केला तर म्हणाले, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. पुढच्या वेळी जाऊ का? (डोंबिवली)

उत्तर : कसली घाण बाहेर पडत नाही. तुम्हाला मात्रा जास्त झाली.

मणक्यांच्या झटक्यांनंतर जवळजवळ निम्म्या लोकांना एक-दोन दिवस अंग दुखतं; हे निरोगी माणसांतही होतं आणि आपोआप जातं. फायब्रोमायल्जियात त्यावर आणखी एक थर चढतो. तोच दाब त्याच जागी पुन्हा पुन्हा दिला तर दाब न वाढवताही वेदना वाढत जाते. पहिल्या मिनिटाला बरं वाटणारा अंगठा दहाव्या मिनिटाला सोसवत नाही, तो यामुळे. ठोके देणाऱ्या मसाज गनचाही हाच त्रास. शिवाय त्या दिवशीचा हिशेब मांडा : डोंबिवलीहून दादर उभ्याने लोकल, पूर्ण पाठीचे उपचार, परतीची लोकल आणि वर कपाटं. दोष एकट्या कायरोप्रॅक्टरचा नाही.

जायचंच असेल तर ही पथ्यं पाळून जा. पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि माहिती, फार तर एका भागावर उपचार : कंबर किंवा पाठीचा वरचा भाग, दोन्ही नाहीत. प्रत्यक्ष हात लावण्याचा वेळ १० मिनिटांच्या आत. झटका नको, सावकाश हालचाल हवी. पालथं झोपवण्याचा आग्रह असेल तर नकार द्या. छातीच्या फासळ्या जिथे मधल्या हाडाला जुळतात त्या जागा या आजारात फार हुळहुळ्या असतात आणि टेबलाची कड नेमकी तिथेच रुतते. कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन काम होतं.

दाब किती असावा याला एक सोपं माप आहे. स्वतःचा अंगठा टेबलावर दाबा. नखाचं टोक पांढरं पडू लागतं तेव्हा साधारण ४ किलोचा दाब झालेला असतो. १९९० च्या निकषांत डॉक्टर शरीरावरच्या १८ जागा एवढ्याच दाबाने तपासत आणि अंगभर दुखणं असून किमान ११ जागी दुखलं तर फायब्रोमायल्जिया ठरवत. म्हणजे हा तुमच्यासाठी ‘दुखणारा’ दाब आहे. उपचाराचा दाब त्याच्या निम्म्याहूनही कमी असावा. शून्य ते दहाच्या मापात उपचार चालू असताना तुमचं दुखणं दोन अंकांपेक्षा जास्त चढलं तर लगेच ‘थांबा’ म्हणा. ‘सहन करतेय’ म्हणून गप्प राहण्याची आपल्याकडच्या बायकांची सवय इथे महागात पडते.

त्यानंतर ४८ तास थांबा. बरं वाटलं तरी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त काम काढू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी वहीत तीन आकडे लिहा : दुखणं, झोप, थकवा. आकडे आधीइतकेच किंवा बरे असतील तरच पुढची वेळ घ्या, आणि तीसुद्धा आठवडाभराने.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये चंपीनंतर मान दोन्हीकडे मोडून देतात. वर्षानुवर्षं करून घेतोय, काही झालं नाही. फायब्रोमायल्जिया असल्याचं यंदा कळलं. कायरोप्रॅक्टर तर शिकलेला असतो, मग त्याच्याकडून मान मोडून घेण्यात धोका काय? (नाशिक)

उत्तर : मानेवर झटका कोणाकडूनही नको. न्हाव्याकडून नको, शिकलेल्याकडूनही नको.

मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी त्या वळण घेतात आणि डोकं झटक्याने फिरवलं की ताण तिथेच पडतो. धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित होतं. आणखी एक बारकावा आहे : काही जणांच्या धमनीला आधीच चीर गेलेली असते, तिच्यामुळे मान दुखते आणि ते दुखणं घेऊनच माणूस उपचाराला जातो. म्हणून दर वेळी दोष झटक्यालाच देता येत नाही, पण चिरलेल्या धमनीला आणखी पीळ देणं हे वाईटच. फायब्रोमायल्जियात मानेच्या झटक्याचा फायदा इतका डळमळीत आहे की क्वचितचा धोकाही पत्करण्यात अर्थ नाही.

मानेला हात लावल्यानंतर, लगेच किंवा पुढच्या काही दिवसांत, पूर्वी कधी नव्हतं असं एका बाजूचं मान-डोकं दुखणं, गरगरणं, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळायला त्रास, तोल जाणं, चेहऱ्याला किंवा हातापायाला बधिरपणा यांतलं काहीही आलं तर झोपून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी-एमआरआय असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते देता येईल की नाही हे स्कॅन पाहूनच ठरतं.

मान सोडून इतर मणक्यांनाही झटका वर्ज्य असलेली मंडळी आहेत. हाडं ठिसूळ झालेली, विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या स्त्रिया. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच महिने घेतलेले. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले. आमवात म्हणजे र्‍हुमॅटॉइड किंवा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणके ताठ करणारा संधिवात) असलेले. कॅन्सर होऊन गेलेले. आपल्याकडे यात मणक्याचा क्षयही (टीबी) धरायला हवा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि रात्री जास्त होणारी एकाच जागची पाठदुखी असेल तर आधी एमआरआय, मग बाकीचं.

एक गट हमखास सुटतो : लवचीक सांध्यांची माणसं. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांत ती बरीच सापडतात. घरी पाहता येतं. अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेपेक्षा १० अंशांहून जास्त उलटे वाकतात का (हे चारही दोन्ही बाजूंना, प्रत्येकी एक गुण), आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला पूर्ण टेकतात का (एक गुण). नऊपैकी पाच किंवा जास्त गुण आले तर तुमचे सांधे आधीच सैल आहेत. असे सांधे ‘मोकळे’ करून घेतले की तासभर बरं वाटतं, मग स्नायू त्यांना सांभाळायला आणखी आवळतात. त्यांना बळकटीचे व्यायाम हवेत.

प्रश्न : एक्स-रे काढून ‘मानेचा बाक उलटा झालाय’ म्हणाले आणि २४ बैठकांचं पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ. भरू का? (पुणे)

उत्तर : भरू नका. मानेचा बाक सरळ किंवा उलटा दिसणं ही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. एक्स-रे काढताना हनुवटी जरा खाली धरली तरी तो बदलतो. फायब्रोमायल्जियासाठी पूर्ण मणक्याचा एक्स-रे लागत नाही. उपचार घ्यायचेच झाले तर सहा वेळांपुरतेच ठरवा, पैसे दर वेळेचे दर वेळी, आणि सहाव्यानंतर वहीतले आकडे पाहून निर्णय. ‘आधी त्रास वाढेल, मग उतरेल’ हे वाक्य ऐकू आलं तर सहाचीही वाट पाहू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इन्शुरन्समध्ये कायरोप्रॅक्टरच्या काही व्हिजिट्स आहेत, फिजिओपेक्षा अपॉइंटमेंटही लवकर मिळते. आई मडगावला असते, तिलाही फायब्रोमायल्जिया आहे आणि तिथे एक जण ‘कायरो’ करतो म्हणे. दोघींनी काय बघून जावं? (न्यू जर्सी)

उत्तर : तुमचं काम सोपं आहे. अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’ ही वेगळी पदवी आहे आणि प्रत्येक राज्याचं मंडळ परवाना देतं. मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे का, कारवाई झाली आहे का, ते दिसतं. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा : फायब्रोमायल्जियाचे रुग्ण बघता का, आणि झटका न देता काम करता का? ‘लो फोर्स’ हा त्यांचा शब्द आहे. त्यात स्प्रिंगचं छोटं हातातलं उपकरण येतं, टिचकी मारल्यासारखा ठोका देणारं. कंबरेखालचा भाग सावकाश वाकवणारं टेबल येतं. अतिहुळहुळ्या रुग्णाला ती टिचकीही झोंबते, म्हणून आधी तळहातावर मारून दाखवायला सांगा. संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘मानेवर झटका नको’ हे स्वतःच्या हाताने लिहा आणि फाइलमध्ये नोंदवून घ्या. व्हिजिट्स शिल्लक आहेत म्हणून संपवायच्या, असं मात्र करू नका.

आईंचं प्रकरण वेगळं. भारतात कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही आणि आयुषच्या पद्धतींतही तो येत नाही. त्यामुळे पाटीवर ‘कायरो’ लिहिणारा परदेशातून चार-पाच वर्षं शिकून आलेला असेल, थोड्या दिवसांचा कोर्स केलेला फिजिओथेरपिस्ट असेल किंवा हाडवैद्याने नुसती पाटी बदललेली असेल. विचारायचं ते थेट : मूळ पदवी कोणती, कुठली, नोंदणी कुठे? फिजिओथेरपीची पदवी असलेला, मणक्यांच्या हस्तोपचारांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस मिळाला तर आईंसाठी तो पुरे, आणि तो व्यायामही शिकवेल. वय पाहता जाण्यापूर्वी डेक्सा ही हाडांच्या घनतेची तपासणी झालेली असावी. फासळी मोडायला ठिसूळ हाडात फार जोर लागत नाही.

आणखी एक बघा, निदान नक्की कोणी केलंय? नुसतं ‘सगळं अंग दुखतं, म्हणजे फायब्रो’ असं होत नाही. २०१६ च्या सुधारित निकषांत शरीराचे १९ भाग मोजतात. त्यांतले सात किंवा जास्त दुखत असावेत आणि थकवा, ताजंतवानं न करणारी झोप, विसरभोळेपणा वगैरेंची तीव्रता १२ पैकी किमान पाच असावी. किंवा भाग चार ते सहाच असतील तर तीव्रता नऊ. दुखणं पाचपैकी चार विभागांत पसरलेलं आणि तीन महिने टिकलेलं असावं. सोबत थायरॉइड, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, ईएसआर आणि सीआरपी (सुजेसाठी), सीपीके (स्नायूंच्या इजेसाठी) पाहतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही असंच अंग दुखू शकतं, आणि ते डॉक्टरांनी गोळी बदलली तर थांबतं.

प्रश्न : व्यायाम करा म्हणता, पण केला की मरणाचं दुखतं. घरच्या घरी काय आणि किती करू? (कोल्हापूर)

उत्तर : दुखतं, कारण सुरुवात बऱ्या दिवसाच्या अंदाजाने होते. ती वाईट दिवसाच्या मापाने करा. ज्या दिवशी अंग सर्वांत जड असतं, त्या दिवशी दुसऱ्या दिवशी त्रास न वाढता किती मिनिटं चालता येतं? समजा आठ. मग सुरुवात सहा मिनिटांनी, आठवड्यातून चार दिवस, सपाट रस्त्यावर, चालता-चालता सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या चालीने. आठवड्याला एक मिनिट वाढवा. पंचवीस मिनिटांवर यायला पाचेक महिने लागतील, लागू द्या. बरा दिवस उगवला म्हणून पंधरा मिनिटं जास्त चालायचं नाही. हा नियम मोडणारेच जास्त आणि परत अंथरूण धरणारेही तेच. दुखणं भडकलं तर दोन आठवड्यांपूर्वीच्या मिनिटांवर या, शून्यावर नको.

महिनाभराने बळकटीचे दोन व्यायाम जोडा, आठवड्यातून दोनदा : खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं आणि भिंतीवर तळहात ठेवून पाच वेळा दंडासारखं पुढे-मागे. योगासनं चालतात, ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायामही चालतो; फक्त आसनात लांब वेळ थांबणं आणि मानेवर भार देणारी सर्वांगासन, हलासन ही टाळा. कोमट पाण्याचा तलाव कुठे मिळाला, ३२ ते ३४ अंशांचा, तर सोडू नका. थंड पाण्यात अंग आखडतं.

शेक गरम पाण्याच्या पिशवीने, टॉवेलमध्ये गुंडाळून, १५ मिनिटं. तेल चोळायचं तर वरवर, रगडून नाही. घरच्यांना ‘जोर लाव’ म्हणण्याची उबळ आवरा.

कामांची वाटणीही व्यायामातच मोजा. वीस चपात्या सलग लाटल्या की खांदे धरतात. दहा लाटा, मध्ये बसून भाजी निवडा, मग उरलेल्या दहा. ओटा उंच असेल तर पोळपाट जेवणाच्या टेबलावर घ्या, कोपर अंगाजवळ राहील. चादरी हाताने पिळू नका. भरलेला पाच लिटरचा कुकर उचलण्यापेक्षा रिकामा शेगडीवर ठेवून तांब्याने पाणी घाला.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि तो सहसा झोपेत किंवा उठल्यानंतरच्या ताठरपणात आधी दिसतो, दुखण्यात नंतर. वहीत ‘सकाळी मोकळं व्हायला किती मिनिटं लागली’ असा एक रकाना ठेवा. आणि घोरणं जोरात असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या.